इस्लाममध्ये गाणं-वाजवणं चालतं का? (लेकीच्या परीक्षेच्या फॉर्मवरून घरात पेटलेला वाद)

सावित्रीकाठ
सोम, रात्री १०.४२

नमस्कार, सलाम मंडळी.
आजवर इथे पाककृती आणि पाणीकपातीच्या धाग्यांवरच लिहिलंय. हा धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही मूळचे बाणकोट बाजूचे कोकणी मुसलमान, सध्या मुक्काम नेरूळ. लेक चौथीत आहे, सोसायटीतल्याच एका बाईंकडे गाणं शिकते. बाई म्हणाल्या आवाज चांगला आहे, यंदा 'प्रारंभिक'ला बसवा. फॉर्म आणून मी फ्रिजवर लावला आणि नेमके त्याच आठवड्यात धाकटे दीर कुवेतहून सुट्टीवर आले. पाणी प्यायला गेले आणि फॉर्म दिसला. तेव्हापासून रोज रात्री जेवणाबरोबर हाच विषय ताटात.

दीर म्हणतात, हराम आहे, चौघा इमामांचं एकमत आहे, भाभी तुम्ही विचारून बघा कुणालाही. सासूबाई म्हणतात, "गाऊ दे गो पोरीला, आम्ही काय लग्नात गात नव्हतो?" नवरा दोघांनाही "बरोबर आहे" म्हणून मोकळा होतो.

मला दोन गोष्टी नको आहेत. एक, "मनाला पटेल ते करा, देव भावाचा भुकेला." दोन, बिस्मिल्ला खाँसाहेब. ते मोठेच होते, पण त्यांच्या नावाने माझा घरातला प्रश्न सुटत नाही. आपल्या शाफई मजहबच्या (सुन्नींच्या चार धर्मकायदा-परंपरांपैकी आपली) किताबात नक्की काय लिहिलंय, ते कुणी स्वतः वाचलेलं असेल तर सांगा. निकाल विरोधात गेला तरी चालेल.

ठाणेकर_पंत
सोम, रात्री ११.०५

ताई, मुलीला जरूर शिकवा. ज्या देशात बिस्मिल्ला खाँ काशीच्या घाटावर शहनाई वाजवत होते तिथे हा प्रश्न पडावा याचंच आश्चर्य वाटतं. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अब्दुल करीम खाँ आणि अल्लादिया खाँ वजा करा, गाण्यात उरतं काय? करीम खाँसाहेबांची कबर मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाला तिथे आजही संगीत सभा होते.

रेती_बंदर
सोम, रात्री ११.०७

पंत, प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचल्या नाहीत. शून्य गुण.
(वाचतोय. जागा धरून ठेवली आहे.)

अबू_यह्या
मंगळ, सकाळी ७.१५

बहिणीने सरळ विचारलं आहे म्हणून सरळ लिहितो. मी मुंब्र्याचा, आलिम (धर्मशास्त्र शिकलेला) नाही, पण दर्सला (धार्मिक पाठाला) बसतो.

कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये (३१:६) अशा लोकांचा उल्लेख आहे, जे अल्लाहच्या मार्गापासून भटकवण्यासाठी 'लहवल हदीस', म्हणजे मन रमवणाऱ्या पोकळ गोष्टी, विकत घेतात. अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी शपथेवर सांगितलं की याचा अर्थ गाणं. हे साधे कुणी नव्हेत, कुरआन थेट पैगंबरांकडून (सल्ल.) शिकलेले सहाबी.

दुसरं, सहीह बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं (सल्ल.) वचन. माझ्या उम्मतमध्ये (अनुयायांत) असे लोक येतील जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि 'मआजिफ' हलाल समजतील. मआजिफ म्हणजे वाद्यं. जी गोष्ट मुळात हलाल असती तिला "हलाल समजतील" असं कोण म्हणेल? आणि ती बसवली आहे दारूच्या शेजारी.

हनफी, मालिकी, शाफई, हंबली, चारही मजहबांच्या मोठ्या किताबांत वाद्यांना मनाई आहे. दीर चूक बोलत नाहीत. बोलण्याची पद्धत कदाचित चूक असेल.

भिवंडी_पावरलूम
मंगळ, सकाळी ९.३०

अबू_यह्या भाई, दफचं काय? आमच्या आत्याच्या लग्नात बायकांनी रात्रभर दफ वाजवून गाणी म्हटली, आणि निकाह लावायला आलेले काझीसाहेब ओसरीवर चहा पीत होते.

अबू_यह्या
मंगळ, सकाळी ९.४१

दफला लग्नात आणि ईदला सूट आहे, हदीसमध्येच आहे. सूट आहे याचाच अर्थ मूळ नियम मनाईचा आहे.

कौसा_नाका
मंगळ, दुपारी २.२०

सावित्रीकाठ आपा, मी थोडी वर्षं मदरशात काढली, मग बी.कॉम. करून आता टॅक्सच्या फायली बघतो. म्हणून मला फतवा देण्याचा अधिकार नाही, पण वाचून सांगण्याचा आहे.

शाफई मजहबचं रोजच्या वापरातलं पुस्तक म्हणजे इमाम नववी (मृत्यू १२७७) यांचं 'मिनहाज'. गंमत म्हणजे यात संगीताचं वेगळं प्रकरणच नाही. हा विषय येतो साक्षीदारांच्या प्रकरणात: कुणाची साक्ष काझीने मानावी आणि कुणाची मानू नये. सोंगट्या-बुद्धिबळ खेळणारा, गाणारा, नाचणारा, हे सगळे तिथे एका रांगेत उभे आहेत. म्हणजे प्रश्न नुसत्या पापाचा नाही, माणसाच्या पत-प्रतिष्ठेचा आहे. आता क्रमाने.

उंट हाकताना म्हणतात ती गाणी म्हणणं आणि ऐकणं चालतं.

वाद्याशिवाय गाणं आणि ते ऐकणं मकरूह. नापसंत, पण हराम नाही. हे नीट लक्षात ठेवा, दिरांशी बोलताना कामाला येईल.

दारुड्यांच्या मैफलीची जी ओळख मानली जाते अशी वाद्यं हराम: तंबूर, ऊद (तंबूरसारखंच तारांचं वाद्य), झांजा, इराकी सनई. ऐकणंही हराम.

दफ लग्नात आणि सुंतेच्या समारंभात चालतो. आणि जास्त बरोबर मतानुसार इतर वेळीही चालतो, घुंगरं लावलेली असली तरी. तेव्हा अबू_यह्या भाई, सूट फक्त लग्न आणि ईदपुरती हे हनफी शेजाऱ्यांकडून ऐकलेलं असेल, आपल्याकडे दार थोडं जास्त उघडं आहे.

'कूबा' हराम. कूबा म्हणजे लांब, मध्ये अरुंद असलेला ढोल. आपल्या डमरूच्या घाटाचा म्हणा.

आणि बासरी! इथे खरी मजा आहे. नववींच्या आधीचे मोठे शाफई इमाम राफई (मृत्यू १२२६) यांनी गुराख्याची बासरी चालते असं लिहिलं. नववींनी 'मिनहाज' रचलं ते राफईंच्याच किताबाच्या आधारे. या ओळीवर आले आणि "मी म्हणतो" असं लिहून पुढे सांगितलं, जास्त बरोबर मत हराम असल्याचं आहे. एकाच मजहबचे दोन खांब, एकच पान, एकच बासरी.

तर तुमच्या प्रश्नाचं कोरडं उत्तर: मजहबच्या ठरलेल्या मतानुसार तंतुवाद्यं आणि बहुतेक फुंकवाद्यं हराम, दफ हलाल, नुसता गळा मकरूह. "संगीत हराम आहे का" असा एकच प्रश्न जुन्या फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) विचारलेलाच नाही. त्यांनी विचारलं काय वाजतंय, कुठे, कुणासमोर आणि शब्द काय आहेत.

सावित्रीकाठ
मंगळ, दुपारी ३.०२

अल्लाह तुमचं भलं करो. हेच हवं होतं. 'मकरूह' मी आजच जेवताना काढणार आहे.
पण पेटीचं काय? क्लासमध्ये पेटी असते. ती तर सातशे वर्षांपूर्वी नव्हतीच.

ठाणेकर_पंत
मंगळ, दुपारी ३.४०

पेटीवरून आठवलं. आकाशवाणीने हार्मोनियमवर १९४० मध्ये बंदी घातली ती १९७१ पर्यंत राहिली. कारण धार्मिक नव्हतं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, वाद्य परदेशी, असे आक्षेप. म्हणजे तीसेक वर्षं दिल्लीच्या सरकारी मुफ्तींनीही पेटी हराम ठरवली होतीच.

रेती_बंदर
मंगळ, दुपारी ३.४४

पंतांचे गुण परत दिले.

कौसा_नाका
मंगळ, रात्री ९.१०

पेटीबद्दल. इथे दोन तऱ्हेने विचार होतो.

एक: हवा फुंकून वाजतं, सूर काढतं, म्हणून मिज़मारच्या (सनई-बासरीच्या) जातीचं, म्हणून हराम. पारंपरिक शाफई आलिम बहुधा हेच सांगतील. इब्न हजर हैतमी या सोळाव्या शतकातल्या शाफई फकीहांनी तर याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय आणि त्यात ते फार सैल सोडत नाहीत.

दोन: मनाईचं कारण बघा. किताबच सांगतो की ही वाद्यं दारुड्यांच्या बैठकीची खूण होती म्हणून हराम. नेरूळमधल्या चौथीतल्या मुलीच्या क्लासात कोणती बैठक? या वाटेने गेलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे इमाम गझाली (मृत्यू ११११), आणि तेही शाफईच. 'इह्या' या आपल्या ग्रंथात ते म्हणतात, गोड आवाज नुसता गोड आहे म्हणून हराम होऊ शकत नाही, नाहीतर पाखरांचं गाणंही हराम ठरेल. वसंत आणि त्याची फुलं, ऊद आणि त्याच्या तारा ज्याला हलवत नाहीत त्याची प्रकृतीच बिघडलेली आहे, त्याला औषध नाही, हे वचनही त्यांनी तिथेच दिलंय. पण पुरतं वाचा: तारा आणि सनया यांची मनाई गझालींनीही ठेवलीच आहे. त्यांनी कारण उलगडून सांगितलं, कुलूप काढलं नाही. लोक गझालींची अर्धीच ओळ फॉरवर्ड करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

कुलूप काढलं ते इब्न हज्मने (९९४–१०६४), कॉर्डोबाचा. त्याचं म्हणणं, मनाईची एकही हदीस पक्की नाही. बुखारीतली मआजिफची हदीससुद्धा नाही, कारण बुखारींनी तिथे "मला सांगितलं" असं न म्हणता "हिशाम म्हणाले" असं म्हटलंय, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी तुटली.

अबू_यह्या
मंगळ, रात्री ९.३२

आणि त्याला उत्तर इब्नुस्सलाह आणि इब्न हजर अस्कलानी यांनी दिलं, तेही लिहा ना भाई. हिशाम बिन अम्मार हे बुखारींचे प्रत्यक्ष उस्ताद होते. अस्कलानींनी तीच हदीस इतर वाटांनी जोडून दाखवली. इब्न हज्म हदीसचा मोठा माणूस, पण इथे बहुतेक मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) त्याचं ऐकलेलं नाही.

आणि इमाम शाफईंचं स्वतःचं. बगदादमध्ये काठीच्या तालावर जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) गाणारे लोक त्यांनी पाहिले तेव्हा ते म्हणाले, हे बेदीन लोकांनी कुरआनपासून लक्ष उडवायला काढलेलं आहे. जिक्र होता तो, लावणी नव्हे.

कौसा_नाका
मंगळ, रात्री ९.५०

बरोबर. अस्कलानींचा मुद्दा भारी आहे, मी नाकारत नाही. हदीस पक्की मानली तरी चारही गोष्टी एकत्र असलेली मैफल निषिद्ध की प्रत्येक वेगळी, हा वाद उरतोच. गेल्या शतकात कैरोच्या अल-अजहरचे शेख महमूद शलतूत आणि नंतर यूसुफ करजावी यांनी अटी घालून परवानगीची बाजू घेतली. शब्द घाण नकोत, सादरीकरण चाळवणारं नको, दारू नको, आणि इतकं वेड नको की नमाज राहून जाईल. पण आपा, दिरांना "सगळे आलिम चालतं म्हणतात" असं सांगू नका. तसं नाही. बहुमत त्यांच्या बाजूला आहे.

मलंगगड_पायथा
बुध, सकाळी ८.०५

दोन्ही बाजू किताबवाल्यांच्या झाल्या, आता दर्ग्यावाल्यांचं ऐका. दर माघ पौर्णिमेला आम्ही हाजी मलंगला जातो. कव्वाली नाही तर उरूस कसला?

चिश्ती सूफींनी समा (भक्तिगायनाची बैठक) कधीच सोडला नाही. हजरत निजामुद्दीन औलियांना गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात याच प्रश्नावर उलेमांसमोर उभं केलं होतं. आपल्या महाराष्ट्रातच खुलदाबादला त्यांचे खलीफा (वारस-शिष्य) बुरहानुद्दीन गरीब झोपलेत, समाचे केवढे शौकीन! औलियांची वचनं लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जीही तिथेच आहेत.

कौसा_नाका
बुध, सकाळी ८.४०

भाय, औलियांच्याच अटी सांगू? गाणारा प्रौढ पुरुष असावा, पोर किंवा बाई नको. ऐकणाऱ्याच्या मनात अल्लाहची आठवण असावी. गाण्यात अश्लील, फालतू काही नसावं. आणि चौथी अट, चंग-रबाबसारखी वाद्यं मध्ये नसावीत. 'सियरुल औलिया'त आहे. तुमच्या उरसातल्या कॅसियोचं काय करायचं?

आणि बरेलीचे आला हजरत अहमद रजा खान, ज्यांना दर्गेवाले इतकं मानतात, त्यांचाही फतवा वाद्यांसकट होणाऱ्या कव्वालीच्या विरोधातच आहे.

मलंगगड_पायथा
बुध, सकाळी ८.५२

माहीत आहे. मानतोही. आणि कव्वालीही ऐकतो. माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांचा उरूस बघा. ते पक्के आलिम, कुरआनची तफसीर (भाष्य) लिहिलेले, कोकणातल्या शाफईंची शान. त्यांच्या उरसात पहिला संदल (चंदनाची मिरवणूक) मुंबई पोलिसांचा असतो आणि तो बँड वाजवत जातो. सगळेच चूक असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अबू_यह्या
बुध, सकाळी ९.००

लोक करतात ही दलील (युक्तिवाद) नाही. लोक व्याजही घेतात.

भिवंडी_पावरलूम
बुध, सकाळी ११.१५

धाग्याला थोडं जमिनीवर आणतो. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे. पोरांनी डीजे ठरवला आहे. वडील म्हणतात, डीजे असेल तर मी दावतला बसणार नाही. आम्ही हनफी. आता जेवायला बसायचं की नाही?

कौसा_नाका
बुध, दुपारी १.३०

तुमच्याच हनफींच्या 'हिदाया' या किताबात हे तंतोतंत आहे. वलीम्याचं (लग्नाच्या जेवणाचं) आमंत्रण आहे, पोचल्यावर तिथे गाणं-बजावणं चाललंय. थांबवता आलं तर थांबवा. नाही जमलं तर साध्या माणसाने बसून जेवायला हरकत नाही, कारण आमंत्रण स्वीकारणं ही सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे आणि दुसऱ्याच्या चुकीपायी ती सोडू नये. इमाम अबू हनीफांचं तिथे वाक्य आहे: एकदा माझ्यावर हा प्रसंग आला, मी सबर केला. पण ज्याला लोक नमुना मानतात त्याने थांबवता येत नसेल तर उठून जावं. अबू हनीफांचा प्रसंगही ते इमाम म्हणून मान्यता पावण्याआधीचा, असं तिथेच लिहिलंय. पुढे हेही की ताटाशेजारीच चाललं असेल तर कुणीच बसू नये, आणि आधीच माहीत असेल तर जाऊच नये.

तुम्हाला आधी माहीत आहे. तेव्हा भाय, डीजेवाल्याशी आधी बोला.

रेती_बंदर
बुध, दुपारी १.३८

हराम-हलाल राहू द्या बाजूला, ध्वनिप्रदूषण नियम २००० बघा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर दहानंतर लाऊडस्पीकर बंद. हे गणपती, उरूस, हळद, ख्रिसमस, नगरसेवकाचा वाढदिवस, सगळ्यांना लागू. याच्यावर चौघा इमामांचं एकमत करून द्या कुणीतरी, मी फातिहा देईन.

ठाणेकर_पंत
बुध, दुपारी ४.१०

औरंगजेबाने संगीताची तिरडी काढली होती आणि "खोल गाडा" म्हणाला होता, ते याच कारणाने ना?

कौसा_नाका
बुध, दुपारी ४.३५

ती गोष्ट बरीचशी मनूची या इटालियन प्रवाशामुळे पसरली. दरबारातलं गाणं त्याने बंद केलं हे खरं, पण त्याच्याच राज्यात १६६६ साली फकीरुल्लाहने 'रागदर्पण' हा संगीतावरचा फारसी ग्रंथ पुरा केला, आणि तो फकीरुल्लाह त्याचाच सरदार. तिरडीची कथा जशीच्या तशी घेऊ नये असं आताचे अभ्यासक म्हणतात. उलट विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह बघा, गादीवर बसून दखनीत गाण्यांचं 'किताब-ए-नौरस' लिहितो.

संपादक
बुध, दुपारी ४.५०

औरंगजेब इथेच थांबवू या. मागचा धागा कुलूपबंद करावा लागला होता. यापुढचे त्या विषयावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

विशारदा_वाशी
बुध, रात्री १०.२०

मी वाशीत गाणं शिकवते. सावित्रीकाठच्या लेकीची बाई मी नव्हे, पण माझ्याकडेही दोन-तीन मुस्लिम घरांतल्या मुली येऊन गेल्या. माझा अनुभव असा की आईवडील पेटीवर अडत नाहीत, बंदिशीवर अडतात. क्लास सुरू होतो सरस्वतीवंदनेने. नंतर बंदिशीत कान्हा, शंभो, भवानी. एका वडिलांनी मला फार नम्रपणे विचारलं होतं, "मॅडम, पाऊस-पाण्याचं काही नाही का?" आहे की. ऋतूंवरच्या ढीगभर चीजा आहेत. मी तिला त्याच शिकवल्या.

दुसरं कुतूहल. तुमच्यात कुराण म्हणतात ते मला तर चक्क गाणंच वाटतं. इजिप्तच्या कारींचं ऐकलं, स्वरांची जागा अशी घेतात की आमची मुलं पाचपाच वर्षं घासून घेत नाहीत. मग त्याला संगीत का म्हणत नाहीत?

कौसा_नाका
बुध, रात्री ११.००

विशारदाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

किराअत (कुरआनपठण) गोड आवाजात करा असा आदेशच आहे. अबू मूसा अशअरींचं पठण ऐकून पैगंबर (सल्ल.) म्हणाले, याला दाऊदच्या घराण्यातली बासरी मिळाली आहे. इजिप्तचे मुस्तफा इस्माईल मकाम बदलत पढायचे, आणि मकाम म्हणजे तुमच्या रागासारखंच काहीतरी. पण मालक सूर नाही, तजवीद (उच्चाराचे नियम) आहे. कोणतं अक्षर किती ओढायचं ते ठरलेलं. चालीसाठी एखादी मात्रा वाढवली तर कारी चुकला. तुमच्याकडे ख्यालात शब्द सुरामागे जातो, इथे सूर शब्दामागे चालतो. म्हणून फकीह त्याला गाणं म्हणत नाहीत.

आता पहिला मुद्दा. तुम्ही फार नेमकं बोट ठेवलंत, आणि या धाग्यात आतापर्यंत आम्ही सगळे पेटी-बासरीतच अडकलो होतो. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज यांच्या लग्नाची हदीस बुखारीत आहे. मुली दफ वाजवून बद्रच्या लढाईत पडलेल्या वडीलधाऱ्यांची गाणी म्हणत होत्या. पैगंबर (सल्ल.) येऊन बसले. त्यांना पाहून एका मुलीने ओळ टाकली, आमच्यात असा नबी आहे जो उद्याचं जाणतो. ते म्हणाले, हे सोड, आधी जे म्हणत होतीस तेच म्हण. दफ बंद केला नाही, गाणं बंद केलं नाही, ती एक ओळ थांबवली. आणि ती त्यांची स्तुती होती!

माझ्या मते आपांनी दिरांशी पेटीवर भांडण्याआधी बंदिशींची वही उघडून बघावी. पेटीवर मतभेद आहे. अल्लाहशिवाय दुसऱ्याची आळवणी तोंडी असण्यावर मुसलमानांत मतभेद नाही.

अबू_यह्या
बुध, रात्री ११.१८

या प्रतिसादाशी शब्दशः सहमत. पहिल्यांदाच.

सावित्रीकाठ
गुरु, सकाळी ६.५०

काल रात्री वही बघितली. विशारदाताई म्हणतात तेच. प्रार्थना आहे, एक कान्हा आहे, बाकी बरसात आणि कोयल. मला हे इतके दिवस दिसलंच नव्हतं असं नाही, मी ते "गाण्याचे शब्द" म्हणून सोडून देत होते. आणि दिरांना गंमत म्हणजे त्याचं काही वाटलं नाही, त्यांचं बोट पेटीवरच!

मी 'मकरूह' काढलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, मकरूह म्हणजे करायचं असं नाही. सासूबाई म्हणाल्या, तू सिगारेट ओढतोस ते काय आहे? पुढचं लिहीत नाही.

भिवंडी_पावरलूम
गुरु, सकाळी ७.३०

सासूबाईंना इथे आयडी काढून द्या.

ठाणेकर_पंत
गुरु, सकाळी १०.००

एक प्रामाणिक शंका, टोमणा नव्हे. मुलगी आहे म्हणून जास्त विरोध आहे का? मुलगा तबला शिकत असता तर?

कौसा_नाका
गुरु, सकाळी १०.४०

तबल्यालाही विरोधच झाला असता, फार तर आवाज थोडा कमी. पण पंत, प्रश्न रास्त आहे. बाईचा आवाजच पडद्यात असावा असं म्हणणारे आहेत. शाफईंचं जास्त बरोबर मत मात्र असं की बाईचा आवाज 'औरत', म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट, नाही. फितन्याची (मोह पडण्याची) भीती असेल तर ऐकणाऱ्याने टाळावं. आणि ही तर चौथीतली पोर आहे. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरात गात होत्या त्याही मुलीच. अबू बक्रनी दटावलं, शैतानाची बासरी नबीच्या घरात? पैगंबर (सल्ल.) म्हणाले, राहू दे अबू बक्र, प्रत्येक कौमची ईद असते, आज आपली आहे.

अबू_यह्या
गुरु, सकाळी १०.५५

त्याच हदीसमध्ये आयेशा (रजि.) सांगतात, त्या मुली काही गायिका नव्हत्या. परीक्षा, सर्टिफिकेट, विशारद, पुढे स्टेज. ही वाट वेगळी आहे. इमाम शाफईंनी गाण्याचा धंदा करणाऱ्याची साक्ष नाकारली आहे. इंग्रज गायक केटर स्टीव्हन्स मुसलमान झाला तेव्हा त्याने गिटारी विकून टाकल्या.

रेती_बंदर
गुरु, सकाळी ११.०२

कॅट. आणि २००६ मध्ये तोच, आता यूसुफ इस्लाम झालेला, नवा अल्बम घेऊन परत आला, गिटारीसकट.

अबू_यह्या
गुरु, सकाळी ११.०५

पाकिस्तानी पॉपगायक जुनैद जमशेद परत आला नाही.

विशारदा_वाशी
गुरु, दुपारी २.१५

'प्रारंभिक'नंतर प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, मग विशारद. आमच्या वाशीतच गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आहे, परीक्षेच्या दिवसांत तिथे बघा, प्रारंभिकला पोरं रांगेने आणि विशारदला मोजकी. दहावी आली की गाणं सुटतं, धर्म कोणताही असो. तेव्हा स्टेजची चिंता आत्ताच नको.

सावित्रीकाठ
शुक्र, रात्री ९.४५

तह झाला आहे, म्हणजे जवळपास. प्रार्थनेच्या वेळी लेक नुसती उभी राहील. कान्ह्याच्या जागी बाई दुसरी चीज देतील, बाई लगेच हो म्हणाल्या. पेटी नको, नुसत्या गळ्याने शिकवायचं. दिरांनी एवढ्यावर मान हलवली, "मकरूह आहे, पण तुमची मर्जी" असं म्हणून.

आता नवी अडचण. पेटी नाही तर सूर कशावर धरायचा? बाई म्हणाल्या, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावू. दीर म्हणाले, तानपुरा म्हणजे तंबूरच ना?

कौसा_नाका
शुक्र, रात्री १०.०५

अरे देवा. तंबूर तर 'मिनहाज'मध्ये नावानिशी आहे.

ॲपबद्दल: तार नाही, हात नाही, वाजवणारा नाही. काही म्हणतील, किताब वाद्याबद्दल बोलतो आणि हे वाद्यच नाही. काही म्हणतील, कानाला जे पोचतं ते तेच, म्हणून हुकूमही तोच. नशीद (धार्मिक गीतं) गाणारे तोंडाने आवाज काढून कॉम्प्युटरवर ड्रमसारखे करतात, त्यावरही हीच दोन मतं आहेत.

अबू_यह्या
शुक्र, रात्री १०.११

माझ्या मते हुकूम तोच. आवाज तंबूरचा तर ऐकणंही तंबूरचंच.

रेती_बंदर
शुक्र, रात्री १०.१४

मग घंटेचा रिंगटोन?

अबू_यह्या
शुक्र, रात्री १०.१५

माझा फोन सायलेंटवर असतो.

विशारदा_वाशी
शुक्र, रात्री १०.३०

सोपा उपाय सुचवू? मागे एका मुलीला बसवा आणि तिला नुसता 'सा' धरायला सांगा. आळीपाळीने. उलट यात सूर जास्त पक्का होतो, कारण माणसाचा 'सा' हलला की लगेच कळतं. परीक्षेला चालेल की नाही ते मात्र केंद्रावर विचारावं लागेल.

अबू_यह्या
शुक्र, रात्री १०.३४

गळ्याने असेल तर माझा आक्षेप नाही.

कौसा_नाका
शुक्र, रात्री १०.३५

दोन गळे, दोन मकरूह. पण हराम कुठेच नाही.

सावित्रीकाठ
शुक्र, रात्री १०.४१

हा प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून दिरांना पाठवला. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. पण 'सा' धरायला कोण बसणार? क्लासमध्ये एकच मोठी मुलगी आहे, सहावीतली, आणि तिला बुधवारी स्केटिंग असतं.

विशारदा_वाशी
शुक्र, रात्री १०.४४

क्लास गुरुवारी करा.